अदानी की टाटा? नुसता युनिटचा रेट बघून ठरवू नका

मे महिन्याचं लाईट बिल आलं की मुंबईच्या उपनगरातल्या प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो, "टाटाचं स्वस्त पडतं का हो?" मग एक जण सांगतो आमचं निम्मं झालं, दुसरा सांगतो आम्ही जाऊन परत आलो, तिसरा कुठल्या तरी जुन्या दरपत्रकाचा फोटो टाकतो आणि चर्चा पार्किंगवर जाते. गंमत म्हणजे तिघंही खरं बोलत असू शकतात, कारण कोण स्वस्त हे कंपनीवर जेवढं अवलंबून आहे तेवढंच तुमच्या घरात कुठल्या महिन्यात किती युनिट जळतात त्यावर आहे.

आधी हे बघा की तुम्हाला निवड करता येते की नाही. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत बेस्टची वीज. तिकडे बांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि इकडे चुनाभट्टीपासून विक्रोळीपर्यंत अदानीचं जाळं, आणि त्याच भागात टाटा पॉवरकडेही वीज विकायचं लायसन्स आहे. भांडुप-मुलुंडकडे महावितरण. म्हणजे घरगुती ग्राहकाला खऱ्या अर्थाने 'याची नको, त्याची द्या' म्हणता येतं ते मुख्यतः उपनगरातल्या अदानी-टाटाच्या पट्ट्यात. देशात बाकी बहुतेक ठिकाणी जी कंपनी नशिबात आहे तीच, तिथे हा प्रश्नच येत नाही.

बेस्टवाल्यांना का नाही? कारण २००३ च्या वीज कायद्यात एक पळवाट आहे, पळवाट म्हणजे वाईट अर्थाने नाही. दुसऱ्याची वीज आपल्या वायरवरून जाऊ द्यायची, हे बंधन वीज वाटणाऱ्या कंपन्यांवर आहे, पण वीज वाटणारी संस्था जर महापालिकेसारखी स्थानिक स्वराज्य संस्था असेल तर तिला त्यातून वगळलंय. आणि बेस्ट १९४७ पासून महापालिकेची. त्यामुळे दादरला राहून बेस्टच्या वायरवरून टाटाची वीज मागता येत नाही, आणि माहीमची खाडी ओलांडून बांद्र्यात घर घेतलं की येते. एकाच शहरात!

उपनगरातही हे पहिल्यापासून नव्हतं. उपनगरात आधी १९२९ सालची बीएसईएस कंपनी, मग ती रिलायन्सकडे गेली, मग २०१८ मध्ये अदानीकडे (आमच्याकडचे जुने लोक अजूनही बीएसईएसचं बिल भरायचंय असंच म्हणतात). टाटा सुरुवातीला मुख्यतः वीज तयार करून या दोघांना, म्हणजे बीएसईएस आणि बेस्टला, घाऊक विकायची आणि मोठ्या गिऱ्हाइकांना थेट द्यायची. घरगुती ग्राहकांना टाटा विकू शकते की नाही यावर कोर्टकज्जा झाला, सुप्रीम कोर्टाने जुलै २००८ मध्ये टाटाच्या बाजूने निकाल दिला. पण टाटाकडे घरोघरी वायरच नव्हती ना. मग ऑक्टोबर २००९ मध्ये वीज नियामक आयोगाने सांगितलं की वायर रिलायन्सची वापरा, वीज टाटाची घ्या. तिथून खरी पळापळ सुरू झाली. टाटाचे दर तेव्हा कमी होते म्हणून ढिगाने लोक गेले, मग पुढे टाटाचेही दर वाढले, शिवाय कंपनी बदलून गेलेल्यांवर जादा आकार लागले, आणि बरेच जण गपचूप परत आले. त्या काळात ज्यांनी उड्या मारल्या त्यांचे अनुभव आज कोणी सांगितले तर ऐकून घ्या पण त्यावरून निर्णय घेऊ नका, तेव्हाचे दर आणि आत्ताचे दर यांचा काही संबंध नाही.

आता एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, वायर वेगळी आणि वीज वेगळी. सोसायटीच्या टाकीत दोन वेगवेगळ्या टँकरवाल्यांनी पाणी ओतलं तर तुमच्या नळाला कोणाचं येतं हे नळाला कळत नाही, फक्त पैसे कोणाला द्यायचे हे ठरलेलं असतं, तसंच. कंपनी बदलली म्हणून पंखा जोरात फिरत नाही की व्होल्टेज सुधारत नाही. सप्लायर बदलला पण वायर तीच राहिली तर त्याला चेंजओव्हर म्हणतात, आणि वायरसुद्धा नव्या कंपनीची आली तर स्विचओव्हर. हे दोन शब्द लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा हिशोब यावर आहे. चेंजओव्हरमध्ये लाईट गेली तर धावून येणार ती जुनीच कंपनी, कारण केबल तिची, फॉल्ट तिच्या हद्दीत. त्यामुळे 'यांची लाईट सारखी जाते म्हणून मी टाटा घेतो' हे कारण चेंजओव्हरमध्ये चालतच नाही. आणि मोठा घोळ झाला तर सगळेच जातात, १२ ऑक्टोबर २०२० ला कळवा-पडघ्याकडच्या उच्चदाबाच्या लाइन्सपासून घोटाळा सुरू झाला तेव्हा बेस्ट, अदानी, टाटा, लोकल, सगळं एकदम बंद पडलं होतं.

बरं, बिल. बहुतेक लोक बिलाचा खालचा आकडा बघतात, ड्यू डेट बघतात आणि फोनवरून पैसे भरून मोकळे होतात. एकदा तो कागद नीट उलगडून बघा (ईमेलवर येत असेल तर पीडीएफ मोठी करून). त्यात स्थिर आकार असतो, तो एकही युनिट जाळलं नाही तरी लागतो. मग ऊर्जा आकार, म्हणजे खऱ्या विजेचे पैसे, स्लॅबप्रमाणे. मग वहन आकार, म्हणजे वायर वापरल्याचं भाडं. मग इंधन समायोजन आकार, ज्याला सगळे एफएसी म्हणतात, कोळसा महागला-स्वस्त झाला की हा वरखाली होतो. या सगळ्यावर राज्य सरकारचं वीज शुल्क, घरगुतीला १६ टक्के. शिवाय त्या-त्या वर्षीच्या आदेशाप्रमाणे आणखी एखादी ओळ.

यातलं तुम्ही कंपनी बदलली की काय बदलतं? चेंजओव्हरमध्ये स्थिर आकार, ऊर्जा आकार आणि एफएसी नव्या कंपनीचे. वहन आकार मात्र वायर ज्याची त्याचाच, म्हणजे तुम्ही टाटाकडे गेलात तरी अदानीच्या वायरचं भाडं भरताच आहात, फक्त ते टाटाच्या बिलात दिसतं. सरकारचा कर तर कुठेही गेलात तरी सुटत नाही. म्हणजे पाच हजारांच्या बिलातले सगळे पाच हजार काही स्पर्धेत नसतात. शिवाय सोडून जाणाऱ्यावर क्रॉस सबसिडी सरचार्ज किंवा जुन्या कंपनीची राहिलेली वसुली असे आकार लागू शकतात. जुनी कंपनी म्हणते की जास्त युनिटवाले गिऱ्हाईक गेलं तर कमी युनिटवाल्यांना स्वस्त कोणाच्या जिवावर द्यायची, म्हणून हे. पटो न पटो, तुमच्या हिशोबात ती ओळ धरायला हवी, आणि दरपत्रकाच्या पहिल्या पानावर ती बहुतेक वेळा नसते.

आता मुख्य गोष्ट, स्लॅब. आपल्याकडे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे चार टप्पे आहेत आणि ते चढते आहेत. एक गैरसमज जाम पसरलाय की ३०१ वं युनिट जळलं की सगळे ३०१ महाग होतात. असं नाहीये. पहिले १०० कोणालाही पहिल्याच दराने, पुढचे २०० दुसऱ्या दराने, फक्त वरचं एक तिसऱ्या दराने. पण प्रत्येक कंपनीचा चढ सारखा नसतो, कोणी खाली स्वस्त ठेवून वर महाग करतो, कोणाचं उलट. आणि इथेच रेट कार्ड शेजारी शेजारी ठेवून बघणारे फसतात.

आमच्या विंगमधल्या एक काकू आहेत, नवरा-बायको दोघंच, महिन्याला साधारण २०० युनिट. उन्हाळ्यात लेक, जावई, नातवंडं येतात, तिन्ही खोल्यांत एसी, की आकडा ७०० ला जातो. त्यांनी मला विचारलं, "अरे बघ ना जरा, बदलू का?" मी म्हटलं, "काकू, वर्षाची सगळी बिलं काढा." त्या म्हणाल्या, "सगळी कशाला, सरासरी काढून सांग की." सरासरी का चालत नाही ते बघा. खालचे दर मी समजण्यासाठी बनवलेत, कुठल्याही खऱ्या कंपनीचे नाहीत.

अ कंपनी: स्थिर आकार ९० रुपये, मग युनिटला ४, ७, ९ आणि १० रुपये असे चार टप्पे. ब कंपनी: स्थिर आकार १२०, टप्पे ३, साडेसहा, साडेदहा आणि १२. वहन आकार दोन्हीकडे सारखाच (वायर तीच, चेंजओव्हर), म्हणून तो सोडून दिला.

२०० युनिटच्या महिन्यात अ कडे ११९० रुपये, ब कडे १०७०. म्हणजे ब १२० रुपयांनी स्वस्त. काकूंचे असे नऊ महिने आहेत, नऊ गुणिले १२०, १०८० रुपये वाचले. ७०० युनिटच्या महिन्यात अ कडे ५६९०, ब कडे ६२२०, म्हणजे ब ५३० ने महाग. असे तीन महिने, १५९० गेले. वर्षाचा निकाल काय, तर बारापैकी नऊ महिने ब स्वस्त असूनसुद्धा वर्षाअखेर काकू ब कडे गेल्या तर ५१० रुपये जास्त भरणार, आणि त्यावर १६ टक्के शुल्क धरलं तर ५९० च्या आसपास.

आणि सरासरीने काय आलं असतं? वर्षाचे ३९०० युनिट, भागिले १२, महिन्याला ३२५. ३२५ ला अ कडे २११५ आणि ब कडे १९८२ रुपये ५० पैसे. म्हणजे सरासरीचा हिशोब छाती ठोकून सांगतो की ब घ्या, महिन्याला १३० रुपये वाचतील! खरा हिशोब बरोब्बर उलटा. कारण सरासरी काढताना तुम्ही मेचे वरच्या स्लॅबचे युनिट उचलून जानेवारीच्या रिकाम्या स्लॅबमध्ये भरता, आणि कंपनी तसं करू देत नाही. काकूंनी तो कागद दोनदा बघितला आणि म्हणाल्या, "म्हणजे नातवंडांमुळे." म्हटलं नाही काकू, एसीमुळे, नातवंडांना बोल लावू नका.

याचा उलटा ग्राहक पण असतो. ज्यांच्याकडे एसी एकच आणि तो रात्री दोन तास, वर्षातले आठ महिने २०० आणि चार महिने ४५०, त्यांना ४५० ला ब फक्त ५५ रुपयांनी महाग पडते, आठ महिन्यांत ९६० वाचतात, चार महिन्यांत २२० जातात, म्हणजे यांनी ब कडे खुशाल जावं. एकाच मजल्यावर समोरासमोरच्या दोन घरांना दोन वेगळी उत्तरं. म्हणून शेजाऱ्याचं बिल निम्मं झालं हे ऐकून फॉर्म भरू नका, अर्थात निम्मं झालं असेल तर आधी त्यांच्याकडचे पाहुणे गेले का तेही विचारा.

तर करायचं काय, मागची बारा बिलं काढा, जुन्या बिलांची पीडीएफ कंपनीच्या ॲपवर मिळते. प्रत्येक महिन्याचे युनिट एका रकान्यात, शेजारी आत्ताची कंपनी, शेजारी दुसरी, दोन्हीकडे महिन्या-महिन्याला स्लॅब लावून. बिल किती दिवसांचं आहे तेही बघा, रीडिंग उशिरा झालं असेल तर ३०-३१ च्या जागी जास्त दिवस धरलेले असतात आणि मग तो महिना उगाच फुगलेला दिसतो. अंदाजे रीडिंगवर काढलेलं बिल असेल तर त्याच्या पुढच्या महिन्यासकट बघा. एक्सेल येत नसेल तर कॅल्क्युलेटर आणि वही, तासाभराचं काम आहे. दोन्ही कंपन्यांच्या साइटवर बिलाचा अंदाज काढायची सोय असेल तर वापरा पण वर्षाचा एक आकडा टाकून नाही, बारा वेळा टाका.

दर कुठले घ्यायचे? हे दर कंपनी मनाने ठरवत नाही. दोघींचेही दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवून देतो, सुनावणी होते, कोणालाही जाऊन हरकत घेता येते. आत्ताचा दरांचा कालावधी एप्रिल २०२५ ते मार्च २०३० असा पाच वर्षांचा आहे, आणि वर्षागणिक दर बदलतात, मध्येच फेरविचारही होऊ शकतो. त्यामुळे १ एप्रिलनंतर जुना कागद रद्दी. सध्याच्या वर्षाचा तक्ता घ्या आणि पुढच्या वर्षाचाही बाजूला ठेवा, या वर्षी स्वस्त असलेली कंपनी पुढच्या वर्षी वरच्या टप्प्यात चढलेली असू शकते. एफएसी मात्र आधी कळत नाही, म्हणून वर्षाला दोनशे-तीनशे रुपयांचाच फरक निघत असेल तर मी तरी बदलायच्या भानगडीत पडणार नाही.

ज्यांची मुलं-भाचरं बाहेर आहेत त्यांना हे सगळं अगदीच साधं वाटेल. टेक्ससमध्ये २००२ पासून बाजार खुला आहे, तिथे दोन नाही, डझनावारी कंपन्या आणि शेकड्यांनी प्लॅन, सरकारी साइटवर पिनकोड टाकला की यादी पुढ्यात येते. तिथेही वायर मात्र एकाचीच, ह्यूस्टनला सेंटरपॉइंट, डॅलसला ऑन्कॉर, कंपनी कितीही बदला. आणि तिथेही ऑस्टिन आणि सॅन अँटोनियो इथे वीज नगरपालिकेची, म्हणून तिथल्या लोकांना निवड नाही, म्हणजे थोडक्यात तिथली बेस्टच. प्रत्येक प्लॅनबरोबर एक माहितीपत्रक द्यावं लागतं, ज्यात ५००, १००० आणि २००० युनिटला सरासरी दर किती पडतो ते लिहिलेलं असतं. मग हुशार कंपन्या काय करतात, १००० युनिट पूर्ण झाले की घसघशीत सूट असा प्लॅन बनवतात, १००० च्या रकान्यात दर एकदम स्वस्त दिसतो, आणि तुमचे ९५० जळले की सूट गायब. मुदत संपायच्या आत सोडलं तर दंड वेगळाच.

काही प्लॅन घाऊक बाजाराच्या दराला बांधलेले होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिकडे बर्फाचं वादळ आलं, पॉवर स्टेशनं गोठली, घाऊक दर युनिटला ९ डॉलरवर गेला आणि कित्येक दिवस तिथेच राहिला. ग्रिडी नावाच्या कंपनीच्या ग्राहकांना काही दिवसांची हजारो डॉलरची बिलं आली, कंपनी त्यातच बुडाली. ब्रिटनमध्ये वेगळीच तऱ्हा, २०१९ पासून तिथे नियामकाने दरावर कमाल मर्यादा घातली (लोकांना वाटतं बिलावर मर्यादा आहे, ती नाही, दरावर आहे), आणि २०२१ मध्ये गॅस महागला तेव्हा लहान-लहान अशा तिसेक कंपन्या बंद पडल्या. वीज कोणाची गेली नाही, नियामकाने ग्राहक दुसऱ्या कंपन्यांकडे सोपवले, पण स्वस्तातला प्लॅन गेला तो गेला. आपल्याकडे निवड कमी आहे हे खरं, पण वादळात युनिटचा दर शंभरपट होण्याची भीतीही नाही. मला विचाराल तर घरच्या लाईट बिलाबाबतीत हा सौदा वाईट नाही.

ग्रीन विजेचंही हल्ली विचारतात. कोणत्याही कंपनीकडे राहून 'मला सगळी वीज अपारंपरिक स्रोतातली द्या' असं सांगता येतं, त्यासाठी युनिटमागे जादा पैसे. २०२१ मध्ये आयोगाने हे ६६ पैसे ठरवले होते, सध्या किती ते ताज्या आदेशात बघा. तुमच्या घरात येणारा करंट तोच, फक्त तुमच्या नावावर तेवढी सौर-पवन वीज खरेदी केली जाते. ज्यांना मनापासून करायचंय त्यांनी जरूर करा, फक्त कंपनी बदलायच्या हिशोबात हे पैसे मिसळू नका.

हिशोब करून बदलायचंच ठरलं तर अर्ज नव्या कंपनीकडे करायचा, ऑनलाइन होतो. जुन्या कंपनीची थकबाकी शून्य पाहिजे, बिलाबद्दल काही तंटा चालू असेल तर आधी तो मिटवा. त्यासाठी आधी कंपनीकडे तक्रार, तिथे झालं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि त्यानेही समाधान नाही झालं तर विद्युत लोकपाल, वकील लागत नाही. नव्या कंपनीकडे डिपॉझिट भरावं लागेल, जुनीकडचं डिपॉझिट त्यातून शेवटचं बिल वळतं करून परत मिळतं, पण दोन्ही एकाच दिवशी होत नाही, म्हणून मध्ये थोडे पैसे अडकतात. अर्ज करताना दोन प्रश्न नक्की विचारा: माझं चेंजओव्हर होणार की स्विचओव्हर, आणि मीटर कोणाचा बसणार? स्विचओव्हर असेल तर मीटर रूममध्ये नवी केबल येणार, म्हणजे सोसायटीची परवानगी, खोदकाम, आणि सेक्रेटरींचा मूड. त्यात वहन आकारही नव्या वायरवाल्याचा लागतो, म्हणजे वर मी जो सोडून दिला तो हिशोबात परत घ्या.

भाड्याने राहत असाल तर कनेक्शन घरमालकाच्या नावावर असतं, अर्ज त्यांनाच करावा लागेल, आणि जुनं डिपॉझिटही त्यांच्याच खात्यात परत जाणार. नवं डिपॉझिट तुम्ही भरणार असाल तर ते लिव्ह अँड लायसन्समध्ये लिहून घ्या, नाहीतर अकरा महिन्यांनी घर सोडताना त्यावरून वाद ठरलेला.